उत्तर आलं नाही म्हणून

"कापसाच्या गुंडाळ्या मागवल्या तीन आणि आल्या नऊ. मी काय आता गाद्या भरायला बसू?"

फोनवर आत्या होती. रुग्णालयाच्या तिसऱ्या मजल्यावर, लहान मुलांच्या वॉर्डात ती मोठी सिस्टर. तिची भाची त्याच इमारतीच्या तळमजल्यावर, संगणकांच्या खोलीत काम करायची. भाची हसली आणि गुंडाळ्यांची मागणी पडद्यावर शोधू लागली.

तिचं काम नीट समजून घेऊ. वॉर्डांची सिस्टीम जुनी, औषधालयाची नवी. एकीचं बोलणं दुसरीला कळत नसे. म्हणून भाचीनं मध्ये एक प्रोग्रॅम बसवला होता. त्याला सगळे निरोप्या म्हणत. निरोप्या वॉर्डाची मागणी घ्यायचा, औषधालयाला कळेल अशी मांडायचा आणि त्यांच्या वेब सर्व्हिसला द्यायचा. वेब सर्व्हिस म्हणजे दुकानाची खिडकीच म्हणा. आत काय चाललंय ते दिसत नाही. ठरलेल्या नमुन्यात चिठ्ठी सरकवायची आणि 'मिळाली' असं उत्तर येईपर्यंत थांबायचं.

आणि उत्तर आलंच नाही तर? गेल्याच आठवड्यात भाचीनं त्याची सोय केली होती: एक मिनिट थांबून चिठ्ठी पुन्हा द्यायची. नोंदी नीटनेटक्या राहाव्यात म्हणून दर खेपेला चिठ्ठीवर नवा नंबर घालायचा.

आज सकाळपासून नेटवर्क रखडत होतं. पडद्यावर कापसाची मागणी तीनदा दिसली, तीन नंबरांनी. भाचीचं हसू मावळलं. चिठ्ठ्या पोचत होत्या. वाटेत हरवत होती ती उत्तरं. आणि नंबर वेगळे, म्हणून औषधालयाला त्या तीन वेगळ्या मागण्या वाटल्या होत्या.

तिची नजर खालच्या ओळीवर गेली. खाट सात. बाळाचं हृदयाचं औषध, अर्धा मिली, दुपारी बारा. तीनदा.

औषधालयाचं यंत्र एकाच रुग्णाचं एकाच वेळेचं औषध एका सिरिंजमध्ये भरायचं. सात नंबरला तीन सिरिंजा गेल्या नसणार. गेली असणार एकच, तिप्पट भरलेली.

घड्याळात बाराला दोन मिनिटं होती.

"आत्या! सात नंबरच्या बाळाला बाराचं औषध दिलं?"

"नवी सिस्टर देतेय. का गं?"

"थांबव तिला! तिप्पट आहे!"

पलीकडे रिसीव्हर टेबलावर आदळला. मग आत्याच्या चपलांचा आवाज, लांब लांब जाणारा. सात नंबरची खाट पार टोकाला, काचेपलीकडे.

भाचीनं फोनवर हात धरला आणि शेजारच्या सहकाऱ्याकडे वळली. "निरोप्या बंद कर. औषधालयाला सांग, एकही ट्रॉली सोडू नका."

त्याला सगळे भिंगरी म्हणत, कारण तो एका जागी ठरत नसे. दुसऱ्या फोनवर बोलून तो वळला. "फक्त मुलांचीच ट्रॉली वर गेलीय. बाकीच्या अडवल्या. काय म्हणाली आत्या?"

"काहीच नाही."

"मग ठेव आणि पुन्हा लाव!"

"पोचलंय तिला."

"कशावरून? उत्तर कुठं आलंय?"

"उत्तर आलं नाही म्हणजे निरोप पोचला नाही, असं नसतं रे! हेच तर चुकलं माझं."

फोनमध्ये कुठलं तरी मूल रडत होतं. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग रडणंही थांबलं. भाचीनं रिसीव्हर कानाशी इतका दाबला की कान दुखू लागला. भिंगरी पहिल्यांदाच एका जागी उभा होता.

चपला परत आल्या. या खेपेला सावकाश.

"सिरिंज नळीला लावली होती," आत्याला धाप लागली होती. "दट्ट्या दाबला नव्हता. दीड मिली होतं."

भाचीनं डोळे पुसले आणि भिंगरीला मानेनं खूण केली: बाळ वाचलं.

"चूक कुणाची?"

"माझी."

"माझीही. मापाची चिठ्ठी न वाचता सिरिंज लावू दिली मी. रडायचं ते नंतर रड. आधी इकडचं ऐक. खाटेला औषधाची चिठ्ठी असते ना, डोस दिला की आम्ही तिचा कोपरा फाडतो. मग डॉक्टर येऊन दहादा म्हणाले 'दिलं का', तरी कोपरा फाटलेला दिसतो. चिठ्ठी तीच राहते गं, नवी कशाला करता?"

दुपारभर वॉर्डांच्या मागण्या कागदावर, हातोहात गेल्या. भाचीनं निरोप्या सुधारला: मागणीला वॉर्डातच एक नंबर मिळेल आणि कितीही खेपा झाल्या तरी तोच राहील. औषधालयानं आपली खिडकी सुधारली: तोच नंबर पुन्हा दिसला तर माल काढायचा नाही, फक्त 'मिळाली होती' एवढं सांगायचं.

चार वाजता तिनं मुद्दाम उत्तरांची वाट तोडली आणि आत्याच्या नावानं कापसाची एक गुंडाळी मागवली. निरोप्यानं चिठ्ठी तीनदा सरकवली. मग ती फोनकडे बघत बसली.

"एकच आली," आत्या म्हणाली.

"पुन्हा सांग ना."

"एकदा सांगितलं ते पोचलंय तुला. बाळ झोपलंय, हळू बोल."