चौथी खुंटी

तार ताणायच्या कारखान्यातल्या खुंट्या मी माझ्या व्हायोलिन दुरुस्तीच्या दुकानात ठेवतच नाही. नव्या खुंटीसाठी जुन्या व्हायोलिनचं भोक वाढवायचं म्हणजे टोपी बसत नाही म्हणून डोकं तासायचं.

शेजारच्या गल्लीत शिवणकाम करणाऱ्या मावशींनी नवऱ्याला न सांगता त्याचं व्हायोलिन माझ्याकडे आणलं. तार सारखी उतरते म्हणून काकांनी वाजवणं सोडलं होतं आणि दिवसभर घरात बसून मावशींच्या टाक्यांना नावं ठेवत होते. "त्यांना पुन्हा वाजवतं करा," मावशी म्हणाल्या, "नाहीतर मी तरी घर सोडते."

तीन खुंट्या काळ्या, अस्सल. चौथी पिवळट, ओबडधोबड, जाड डोक्याची. कुण्या अडाण्याचं काम. जोडीची काळी खुंटी शोधण्यात तीन आठवडे गेले. शेवटी मेव्हण्याच्या भंगारात पोट फुटलेलं एक व्हायोलिन मिळालं. त्याची खुंटी काढून मी कानशीनं बारीक केली. काकांच्या व्हायोलिनमध्ये त्या खुंटीची दोन्ही भोकं मात्र झिजून सैल झाली होती. ती आधी लाकडाच्या बुचांनी भरून पुन्हा पाडावी लागतात, आणि त्याला मुरलेलं लाकूड हवं. समोरच पडलेल्या पिवळ्या खुंटीच्या जाड डोक्यातून मी दोन बुचं काढली. स्वतःवर भलताच खूश होतो.

मावशींच्या पोटात काही राहत नाही. न्यायला दोघंही आले. काकांनी चारही काळ्या खुंट्यांवर नजर टाकली. "माझी खुंटी द्या."

"ती पिवळी? ती तुम्ही..."

"मीच केली. पन्नास वर्षांपूर्वी."

"घरातल्या एकुलत्या एका खुर्चीचा पाय कापून," मावशी म्हणाल्या. "तीन वर्षं ती खुर्ची विटेवर टेकवून मी मशीन चालवलं."

"तुझ्यासाठीच वाजवत होतो ना," काका म्हणाले.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डब्यात तसलीच एखादी पिवळी खुंटी सापडली असती, त्यांचीच म्हणून खपूनही गेली असती. पण मी दिवा जवळ ओढला आणि काळ्या खुंटीभोवतीचं बुचाचं पिवळं कडं दाखवलं. "ही तुमचीच खुंटी. मी कापली. विचारायला हवं होतं, चुकलो."

काका बराच वेळ त्या कड्यावर बोट फिरवत राहिले. मग त्यांनी खुंटी पिळून तार चढवली. आम्ही तिघंही तारेकडे बघत बसलो. ती उतरली नाही.

"काय वाजवू?" त्यांनी मावशींना विचारलं.

"तेव्हा संध्याकाळी वाजवायचात ते. मी मशीन थांबवून ऐकायचे," मावशी म्हणाल्या. "तुम्हाला कधी बोलले नाही."