खिंकाळायच्या आत

"वहिनी, घोडी खिंकाळायच्या आत मागे वळवा. खिंकाळल्यावर वळवलीत, तर तीच तुम्हाला शिकवेल!" घोडी तयार करणाऱ्या दिरानं बजावलं होतं. तिनं ते हसण्यावारी नेलं. घोडी कळपासाठी खिंकाळली की तिचं आईचं काळीज पाघळायचं, लगाम वळायचा. मग घोडी फाटकातच गळा काढू लागली.

आज ती घोडीला हट्टानं ओढ्यापर्यंत घेऊन आली. घोडी खिंकाळली, थरथरली, पण तिनं लगाम वळवला नाही. अखेर घोडीनं निमूट गवताला तोंड लावलं. आता सावकाश परतायचं, घाई केली की केल्या कमाईवर पाणी. पण तान्ही लेक पहिल्यांदाच नणंदेपाशी सोडलेली! वाटेनं जाणाऱ्या एकाला तिनं हाक मारली, "तुम्ही तबेल्याकडेच निघालात ना? जरा पुढे होऊन बघा हो, रडत तर नाही ना माझी लेक?"