काखेचे टाके

फौजेच्या हजेरीचे दिवस जवळ आले की हालिस नदीकाठच्या आमच्या गावात अंगणाअंगणांत कापूस पिंजला जाई. आजोबांच्या काळी स्वाराच्या अंगावर लोखंडी कड्यांचं चिलखत असे. आता लोखंड पुढच्या रांगेपुरतं. बाकीच्यांना कापूस ठासलेला जाड कोट, तोही घरच्या बाईने शिवलेला.

एवस्ताथचा कोट त्याच्या बायकोने, आन्थुसाने, स्वतःच्या लग्नातली गादी उसवून शिवला. शिवता शिवता गुणगुणायची,

शिवते मी कोट गं, टाके घालिते दाट,
बाणा रे पाहुण्या, दुसरी धर वाट.

सासरा वार्दास, जुना स्वार, ओट्यावरून टोकायचा, "सूनबाई, हा नवरा लढायला चाललाय की झोपायला?"

"लढून दमले तर झोपतीलही, मामंजी. सोय असावी."

हजेरीला सगळं गाव माळावर लोटलं. रीत साधी होती. घोडा दौडवत गवताच्या माणसाला बाण मारायचा. लागला तर स्वारांत जागा, नाहीतर खेचरांमागे सामान हाकायचं. वार्दासच्या घरात आजवर कुणी खेचर हाकलं नव्हतं.

एवस्ताथने घोडा सोडला, धनुष्य उचललं, आणि कोपर छातीशीच अडलं. बाण घोड्याच्या पायांपाशी मातीत रुतला.

"अरे, उशीला हात फुटले!" कुणीतरी ओरडलं. माळ हसला.

"आणखी एकदा," हजेरी घेणारा नायक म्हणाला. "मग खेचरं."

वार्दास सुनेकडे वळला. "काख शिवलीस?"

प्रत्येक कोटाची काख उघडी ठेवतात; हात तिथून बाहेर काढायचा आणि बाही मागे बांधायची. आन्थुसाला काय हे ठाऊक नव्हतं?

"तिथूनच बाण शिरतो, मामंजी," ती हळूच म्हणाली. "धाकट्या भाऊजींना तिथेच लागला ना?"

म्हाताऱ्याने मान हलवली.

एवस्ताथ घोडा घेऊन कडेला आला. चेहरा लाल झालेला. बायकोच्या डोळ्यांत पाहिलं आणि त्याला सगळं उमगलं.

"राहू दे गं," तो खालच्या आवाजात म्हणाला. "खेचरं तर खेचरं. परत तरी येईन."

आन्थुसाला तेच तर हवं होतं. पण माळावरून अजून हशा ऐकू येत होता, आणि तो मात्र तिच्याकडे बघून हसण्याचा प्रयत्न करत होता. ते तिला बघवेना.

"वाका जरा. हात वर करा."

"वर होत असता तर इथे आलो असतो का?"

ती टाचा उंचावून उभी राहिली, कमरेची सुरी काढली आणि उजव्या काखेचे टाके सपासप कापले. एक टाका चिवट निघाला, तो दातांनी तोडला. त्याचा हात बाहेर आला, सदरा घामाने ओला. तिने बाही मागे बांधली आणि घोड्याला थाप मारली.

दुसरा बाण गवताच्या माणसाच्या गळ्यात बसला.

"स्वारांत!" नायक म्हणाला.

एवस्ताथ घोड्यावरून उतरून उड्या मारतच आला. वार्दासने पोराची पाठ थोपटली नि तोंड फिरवून डोळे पुसले. आन्थुसा मात्र नवऱ्याच्या उघड्या काखेवर तळहात ठेवून उभी.

"ढाल कुठल्या हातात धरता?"

"डाव्या."

"मग या बाजूला कोण असतं?"

"उजवीकडचा स्वार, त्याची ढाल इकडे येते. लोहाराचा थोमा."

"त्याला आज जेवायला बोलवा."

"थोमाला? अगं, तो भयंकर खातो!"

"मग दोन कोंबड्या कापू," ती म्हणाली. "आणि उद्याही बोलवा."