चार वाजताची फेरी

निवृत्त मोजणीदाराने स्वयंपाकघराच्या खिडकीतून गाडीपर्यंत गेलेली वायर काढून गुंडाळली आणि फेऱ्यांची नोंदवही गाडीच्या कंपनीतून आलेल्या इंजिनिअर मुलीच्या हातात दिली. जवळच्या रोजच्या फेऱ्यांना कशी चालते हे बघायला कंपनीने ही दोन माणसांची विजेची गाडी त्याला तीन महिने दिली होती. आज ती परत जायची होती.

"काका, सोमवारी मीठ, मंगळवारी साबण, बुधवारी काडेपेटी. दुकान एकच ना?"

"फेऱ्या भरायला नकोत? एकट्या माणसाला सामान लागून लागून किती लागणार."

"आणि रोज चार वाजता हे काय लिहिलंय? 'कारण: बहीण. थांबलो: पाच मिनिटं.' पाच मिनिटांत चहा तरी होतो का?"

त्याने वायरीचा एक वेढा सोडला, पुन्हा घातला.

"आत जात नाही मी. फाटकाशी थांबतो. दोन वर्षांपूर्वी, आई गेली तेव्हा, बोलाचाली झाली आमची. धाकटी आहे ती. तिने यावं बाहेर."

"येत नाहीत?"

"येईल कशी? तुमच्या गाडीला आवाजच नाही. मोडीत काढलेल्या माझ्या जुन्या खटाऱ्याने अख्खी गल्ली जागी व्हायची."

"हॉर्न आहे की."

"मग मी बोलावलं असं होईल."

मुलीने हसू वहीत दडवलं. "एक फेरी मला सोबत बसून तपासायची आहे. हीच घेऊ."

गाडी फाटकाशी थांबली. अंगणात बहीण पाठमोरी उभी राहून दोरीवरचे कपडे काढत होती. कुंपणापलीकडे शेजारीण होती.

"बघ," तो पुटपुटला. "पत्ताच नाही तिला."

बहिणीने चादर झटकली. मान न वळवता, नुसता तिरका डोळा फाटकाकडे टाकून ती शेजारणीला म्हणाली, "आज कुणाला तरी घेऊन आलाय. एरवी एकटाच येऊन बसतो. तीन महिने झाले."

"मग हाक मार की."

"मी का म्हणून? मोठा तो आहे."

मोजणीदाराचे कान तापले. मुलगी वहीत डोकं खुपसून बसली. अंगणातली चादर घडी होत होत लहान झाली.

"उद्या गाडी नसेल," तो म्हणाला. "मग इथे बसणार कशात?"

त्याचा हात गाडीच्या दाराची कडी चाचपत होता.