नणंदेचं कार्ड

माझी सासू वारली तेव्हा नणंद देमियाना हिला अमेरिकेत जाऊन पाच आठवडे झाले होते. दफन आम्ही दुसऱ्याच दिवशी उरकलं. ती आली चाळिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेला. उंबरा ओलांडताच विचारलं, "आईला वेळेवर दवाखान्यात का नेलं नाही?"

आठ वर्षं त्या बाईला मी अंघोळ घातली, भरवलं, कूस बदलून दिली. मी चहा ठेवला, आणि साखर मुद्दाम घातली नाही.

शुब्रा वस्तीतल्या आमच्या दोन खोल्यांत ती दहा दिवस राहिली. रोज काहीतरी काढायची. मसुराच्या सुपात मीठ जास्त, गादीला वास, पाद्र्याने आईचं नाव घाईत घेतलं. माझा नवरा, नशात त्याचं नाव, तिचा थोरला भाऊ, तिच्याशी बोलतच नव्हता. त्याचं दुखणं जुनं होतं. अमेरिकेच्या व्हिसा-लॉटरीचे अर्ज सात वर्षं तोच भरायचा, स्वतःचा आणि बहिणीचा. नाव निघालं बहिणीचं.

आल्या दिवशी तिने पासपोर्ट जेवणाच्या टेबलावर उघडून ठेवला होता, सगळ्यांनी बघावा म्हणून. कायमच्या रहिवासाचं कार्ड अजून पोस्टाने यायचं होतं. तोवर व्हिसा आणि त्यावर तिथल्या विमानतळाचा शिक्का. मी शाळेत इंग्रजी शिकवते. व्हिसावरची बारीक ओळ मी तेव्हाच वाचली होती.

परतीच्या दिवशी सकाळी नशात तिला सोडायला निघाला. मीही गाडीत बसले, ती खरंच जाते का ते बघायला. विमानतळाच्या सुरक्षेत नशातच्या ओळखीचा एक जण होता, त्याने आम्हाला काउंटरपर्यंत सोडलं.

काउंटरवरच्या माणसाने पासपोर्ट चाळला. "परतीचं तिकीट नाही मॅडम?"

"मी तिथेच राहते."

तो पुढे काही विचारणार, एवढ्यात नशात मागून म्हणाला, "तिचं कार्ड आलेलं नाही. नीट तपासा."

देमियानाने वळून त्याच्याकडे पाहिलं. तो दुसरीकडे बघत होता.

"कार्ड दाखवा," काउंटरवाला म्हणाला.

"यायचंय अजून. हा शिक्का बघा, यावर चालतं."

"कोण म्हणतं चालतं? तिकडून तुम्हाला परत पाठवलं तर दंड आम्हाला बसतो. बाजूला व्हा, मागे लोक आहेत."

"सोमवारी माझी नोकरी सुरू होते आहे."

"मग कार्ड येईपर्यंत थांबायचं होतं."

"आई गेली होती माझी."

"देव त्यांना शांती देवो. बाजूला व्हा."

नशातने तिची बॅग पट्ट्यावरून उतरवली. "चल घरी. राहा आता इथेच. महिनाभर राहा, वर्षभर राहा. आईची खोली मोकळीच आहे."

ती जागची हलली नाही. त्या खोलीत मी दुसऱ्या दिवशी माझं कपाट हलवणार होते. मला दिसायला लागलं, ही त्या पलंगावर बसून रोज मला मीठ शिकवते आहे. मी पुढे झाले आणि तिच्या हातातला पासपोर्ट घेतला.

"साहेब, तुम्हाला इंग्रजी येतं ना? मग ही ओळ मोठ्याने वाचा."

"बाई, तुम्ही कोण?"

"हिची वहिनी. वाचा."

त्याने वाचलं नाही, म्हणून मीच वाचलं आणि अरबीत सांगितलं: शिक्का पडल्यापासून एक वर्ष हा व्हिसाच कार्डाच्या जागी धरावा. "शिक्का पावणेतीन महिन्यांपूर्वीचा आहे. तारीख वाचता येत नसेल तर वरिष्ठांना बोलवा."

"फेरियाल, गप्प बस," नशात म्हणाला.

मी गप्प बसले नाही. वरिष्ठ आले, कपाळावर आठ्या घेऊन. त्यांनी ओळ वाचली, कुठेतरी फोन केला, वीस मिनिटं कानाला लावून उभे राहिले. मग काउंटरवाल्याला एवढंच म्हणाले, "दे पास." माफी कुणीच मागितली नाही.

आत जाण्याआधी देमियाना माझ्यापाशी थांबली. "तू हे माझ्यासाठी केलं नाहीस."

"नाही."

"मला कळतंय." ती भावाकडे न बघता गेली.

परतताना नशात घराजवळच्या पुलावर म्हणाला, "माझ्या बहिणीच्या भानगडीत तू का पडलीस?"

"तू आधी पडलास."

त्या दिवसापासून दोन महिने तो बाहेर जेवला. देमियानाचं कार्ड तीन आठवड्यांनी आलं. तिने त्याला फोन करून सांगितलं, त्याने ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. मला तिने फोन केला नाही. मीही वाट पाहिली नव्हती. सासूच्या खोलीत माझं कपाट आता आहे, पण पलंग नशात काढू देत नाही.