दोन वेण्यांचा फ्लेक्स

मित्रांनो, मी एक जुना फ्लेक्स आहे. जुना म्हणालो म्हणून हसू नका. माणसं साठीला म्हातारी होतात, आम्हाला पंधरा दिवस पुरतात. पुढाऱ्याचा वाढदिवस संपला की आम्हाला खांबावरून उतरवतात आणि कुणाच्या तरी गोठ्यावर नाहीतर भाजीच्या गाडीवर टाकतात. मी त्यातून वाचलो खरा, पण डोक्यात एक गोंधळ घेऊन वाचलो. तो अजून सुटलेला नाही, म्हणून तुम्हाला सांगत बसलो आहे.

माझा जन्म पनवेलच्या बाजारातल्या एका छपाईच्या दुकानात झाला. तिथे हेतल नावाची मुलगी कॉम्प्युटरवर बसते. वाढदिवस, वास्तुशांत, हळद, नवरात्र, सगळ्यांची तोंडं तीच उजळ करून देते. त्या दिवशी तिच्यासमोर कुंदन कोळी येऊन उभा राहिला. गव्हाणचा माणूस, खाडीत होडी घालणारा. त्याची बायको कुमुद मासळी बाजारात बसते. त्यांची एकुलती एक मुलगी कोमल बारावी पास झाली होती, तीही सायन्सला आणि चांगल्या मार्कांनी. आमच्या भागात एवढी मोठी गोष्ट होऊन नाक्यावर फ्लेक्स लागला नाही, तर ती झालीच नाही असं लोक धरतात.

कुंदनने खिशातून एक फोटो काढला. होडीतल्या हत्यारांच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलेला, खाऱ्या हवेने कडा खाल्लेला. त्यात एक लहान मुलगी होती. दोन वेण्या, लाल रिबिनी, गळ्यात पाण्याची बाटली, नाकावर पावडर जरा जास्तच, आणि उन्हामुळे एक डोळा मिटलेला. शाळेचा पहिला दिवस होता तो.

"काका, हा तर लहानपणीचा आहे. आत्ताचा नाही का?" हेतलने विचारलं.

होता. कुमुदने मुद्दाम त्याच्या मोबाइलवर पाठवला होता. सेंडऑफला आईची निळी साडी नेसलेली कोमल. कुंदनने तो हेतलला दाखवला, मग स्वतःच बराच वेळ बघत राहिला आणि मोबाइल परत खिशात घातला.

"हिला मी वलकतो," तो जुन्या फोटोवर बोट ठेवून म्हणाला. "या साडीवालीला अजून नाय. हाच टाक."

हेतलने फोटो स्कॅन केला. तिने तोच टाकला. अशा रीतीने मी जन्माला आलो: वर दोन वेण्यांची मुलगी, खाली ठसठशीत अक्षरांत 'आमची लाडकी कन्या कु. कोमल कुंदन कोळी बारावी उत्तीर्ण झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन', आणि त्याखाली 'पुढील वाटचालीस शुभेच्छा'. मित्रांनो, माझा चेहरा एक सांगत होता आणि माझी अक्षरं दुसरंच. मला वाटलं, फ्लेक्स असेच असतात.

नाक्यावर मला एका पुढाऱ्याच्या शेजारी बांधलं. पुढाऱ्याकडे कुणी बघत नव्हतं, सगळे माझ्याकडेच बघत होते. मी फुगून गेलो. मग कळलं की लोक हसताहेत. कुंदनचा चुलतभाऊ प्रभाकर मोटारसायकल थांबवून म्हणाला, "काय रे, पहिलीत घातली आनि बारावी झाली पन? आमची पोरं उगाच बारा वर्सं बसली."

कुंदनही हसला. पण बाकीचे हसून थांबले तरी तो हसतच राहिला, आणि मग एकदम डोळे पुसायला लागला. प्रभाकरला काय करावं ते कळेना. तो मोटारसायकल सुरू करून निघून गेला.

दुपारी कुमुद बाजारातून आली. रिक्षातून उतरली, मला बघितलं आणि रिकामी पाटी रस्त्यावरच ठेवून नवऱ्याच्या नावाने सुरू झाली. चांगला साडीतला फोटो दिलेला, तो सोडून हे काय ध्यान लावलंय, गावात तोंड दाखवायला जागा नाही ठेवली. बोलत बोलत ती जवळ आली. माझा खालचा भाग हाताला येत होता. तिने पदराचं टोक घेतलं आणि चित्रातल्या बाटलीवरची धूळ पुसली. मग नाकापर्यंत हात पोचतो का ते बघितलं. पोचला नाही. तेवढ्यावरून तिला रडू आलं.

"पास झाली म्हनून रडतेस का जानार म्हनून?" कुंदनने विचारलं.

"मना काय म्हाईत," कुमुद म्हणाली. "तुला म्हाईत असंल तर सांग."

कुंदनने रस्त्यावरची पाटी उचलली.

जाणार म्हणजे रत्नागिरीला. मासळीचं शिक्षण देणाऱ्या कॉलेजात कोमलला जागा मिळत होती. हॉस्टेलवर राहायचं, सुट्टीलाच घरी यायचं. कुमुद सकाळी हो म्हणायची आणि संध्याकाळी नको. कुंदनचं त्याहून अवघड. तो हो म्हणत नव्हता आणि नाहीही म्हणत नव्हता. विषय निघाला की जाळं विणायला बसायचा.

कोमल संध्याकाळी आली ती मैत्रिणींच्या घोळक्यातून, मान खाली घालून. मैत्रिणी पुढे गेल्यावर ती बापाकडे वळली.

"फ्लेक्सवर पुढच्या वाटचालीला शुभेच्छा छापतोस आनि घरात तोंड उघडत नायस. ही वर टांगलीय ना बाबा, ती कुटं जायाची नाय. जायाचंय मना. मना सांग, जाऊ का नको?"

कुंदन माझ्याकडे वळला. त्याने बांबूवर चढून माझ्या दोऱ्या सोडल्या. माझी नाक्यावरची नोकरी एका दिवसात संपली.

त्यानंतरचे माझे दिवस वाईट गेले. कुमुदने माझ्यावर बारीक कोळंबीचा जवळा वाळत घातला. पावसाळ्यात कुंदनने मला होडीत नेलं आणि जाळी झाकायला वापरलं. चेहरा मात्र तो कायम खालच्या बाजूला करायचा. मला फार लागलं ते. एवढं हौसेने छापून घेतलं आणि आता तोंड बघवत नाही? पण खाडीत एकटा असला की तो माझा कोपरा उचलायचा, आत डोकावायचा आणि पुन्हा सोडायचा. मला या माणसाचा काही पत्ताच लागत नव्हता.

होडीवर आणखी एक गोष्ट मला कळली नाही. होडी सुटताना कुमुद काठावर उभी राहायची आणि एकच शब्द बोलायची, "ये." बाजूच्या होड्यांनाही त्यांच्या घरचे तेच म्हणायचे. निघालेल्या माणसाला तिथे कुणी 'जा' म्हणत नाही. माणूस पाठ फिरवून चाललाय आणि हे त्याला ये म्हणताहेत. मी म्हटलं, असेल काही खूळ.

अखेर कॉलेजात हजर व्हायचा दिवस आला. अर्ज कोमलने भरला होता, सही कुमुदने केली होती. कुंदन अजूनही बोलला नव्हता. त्या सकाळी त्याने मला नळाखाली घेतलं आणि साबणाने घासून काढलं. जवळ्याचा वास गेला नाही, पण त्याने प्रयत्न भरपूर केला. मग मला ओटीवर पसरून त्यावर कोमलची गादी ठेवली, गुंडाळली आणि जाळ्याच्या दोरीने आवळून बांधली. चेहरा आत. बसच्या टपावर गादी भिजू नये म्हणून.

कोमल बॅग घेऊन बाहेर आली. वळकटीकडे बघत उभी राहिली.

"उलटा बांधलास."

"लोक हसतील, बाय. नाक्यावर हसलेले तसे."

कोमल खाली बसली आणि गाठ सोडायला लागली. कोळ्याची गाठ ती, तिला कुठली सुटायला. शेवटी ती म्हणाली, "बाबा, सोड ना."

कुंदनने गाठ सोडली. दोघांनी मिळून मला पालटलं, चेहरा बाहेर करून. दोरी बांधताना कोमलने ती मुलीच्या डोळ्यांवरून जाऊ दिली नाही. एक सरकवली, दुसरी सरकवली. कुमुद दारात उभी राहून डब्यात काय काय आहे ते परत परत सांगत होती, ऐकत कुणीच नव्हतं.

पनवेलच्या एसटी स्टँडवर मला टपावर चढवलं. तिथून तिघंही दिसत होती. कोमल पायरीवर एक पाय ठेवून थांबली.

"बाबा, तू अजून बोलला नायस. जाऊ का नको?"

कंडक्टर घाई करत होता. कुंदनचे ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले.

"ये," तो म्हणाला.

कोमल क्षणभर बावरली. मीही बावरलो, आता निघताना बोलावतो की काय हा? मग माझी नजर कुमुदकडे गेली. ती रडायची थांबली होती आणि नवऱ्याकडे बघत होती. रोज काठावर उभं राहून ती जे म्हणते, तेच आज तो काठावर उभा राहून म्हणत होता. मला उशिरा कळलं. कोमलला माझ्या आधी कळलं.

"येते," ती म्हणाली, आणि चढली.

आता मी रत्नागिरीला आहे, तिच्या गादीखाली. फरशीची ओल मी वर जाऊ देत नाही. खोलीतली रुचिरा पहिल्या दिवशी नाक दाबून म्हणाली, "कसला वास आहे हा? आणि ही कोण?" कोमल म्हणाली, "वास आमच्या घरचा. आणि ही मीच."

मित्रांनो, एवढं होऊनही माझा गोंधळ आहेच. ती माणसं खूश होती की दुःखी, मला ठरवता आलेलं नाही. त्यांनाही आलं असेल असं वाटत नाही. म्हणून तुम्हाला सांगणं इतकंच, की पास झालात आणि तुमच्या आईबापांनी भलताच फोटो नाक्यावर लावला, तर लाज वाटली म्हणून उतरवा हवं तर, पण फेकू नका. मला असंच जपलं गेलं म्हणून मी आज कामाला येतोय.

माझा रंग उडत चाललाय. नाकावरची पावडर केव्हाच गेली, रिबिनी तेवढ्या अजून लाल आहेत. सुट्टीत घरी जाताना कोमलने मलाही बरोबर न्यावं, चेहरा बाहेर करून. स्टँडवर जो माणूस उभा असेल, तो तिला आधी माझ्यावरूनच ओळखेल.