तिसऱ्या गाठीतलं नाव

पलीकडच्या काठावर काडेलच्या होड्या दिसल्यापासून नेस्तचा पाय एका जागी ठरत नव्हता. म्हातारा राजा वसंतात गेला आणि दोन पोरांनी राज्य नदीवरून चिरलं. उत्तर थोरल्या मेरेदुदची, दक्षिण धाकट्या काडेलची. नेस्त उत्तरेच्या किल्ल्यात जादूगार तेगिदकडे दोरात वारा कोंडायला शिकत होती. तिचा सख्खा भाऊ इथेल दक्षिणेत नावाडी होता. आज त्या होड्यांतली एक तोच वल्हवत असणार.

“अंडं घालायच्या आधी कोंबडी अशीच फिरते,” तेगिद खाटेवरून खोकत म्हणाला. “काय ते घाल एकदाचं.”

“म्हातारबा, तुम्ही मेरेदुद धन्यांना दोर दिलात, त्यातली तिसरी गाठ मी बांधली. वादळाची.”

“ठाऊक आहे. माझ्या बोटांत जोर कुठे राहिलाय?”

“तिच्यात नाव गेलंय. इथेलचं.”

तेगिद उठून बसला. गाठीत फुंकर कोरी जावी, हा त्यांच्या विद्येतला पहिलाच धडा. फुंकरीबरोबर कोणाचं नाव ओठांवर आलं, तर सुटलेला वारा बाकी सगळं सोडून त्या एकाच माणसावर धावून जातो. आणि नाव गाठीत धरतं तेही कधी, तर ते नाव घेणाऱ्याचा जीव त्या माणसासाठी तुटत असेल तेव्हाच. म्हणून तर शिकणाऱ्यांना दोर हातात असताना घरची आठवण काढायची बंदी असे.

“अगं भवाने! माझं शिकवणं सगळं पाण्यात?” मग त्याचा आवाज उतरला. “बांधणाऱ्यानेच वारा परत गिळायचा असतो. पळ. पण धनी विचारतील कोण तो, आणि सांगितलंस की फितूर ठरशील.”

ती पळालीच होती.

तटावर मेरेदुद दोर मुठीत घेऊन उभा होता. “आली बघा फुंकणी!” पहारेकरी हसला. “चूल पेटवायला आलीस का गं?”

“धनी, ती गाठ सोडू नका,” नेस्त धापा टाकत म्हणाली. “वारा एकाच माणसाला बुडवील. बाकीच्या होड्या कोरड्या उतरतील.”

“कोण तो?”

तिने पाण्यावरच्या होड्यांकडे बोट केलं. “माझा भाऊ.”

पहारेकऱ्याचं हसू गेलं, भाला वर आला. मेरेदुदने त्याला हाताने थांबवलं. “एकाच माणसावर, म्हणालीस?” तो पाण्याकडे बघत राहिला. “मग काडेलचं नाव घालून बांध. एक माणूस गेला की लढाई मिटली.”

आपण याच्या हातात काय दिलं, ते नेस्तला तेव्हा कळलं.

“माझ्या तोंडून धरणार नाही, धनी. मला त्यांची माया नाही.”

“नाव मी घेतो,” मेरेदुद म्हणाला. मग त्याने दोर पुढे केला.

तिने तिसरी गाठ तोंडाशी धरून वारा ओढून घेतला. छाती बर्फाने भरल्यासारखी झाली. खोकत खोकतच तिने नवा फास घेतला. मेरेदुद वाकला, पुटपुटला, “काडेल.” तिने दोर आवळला. तिच्या बोटांखाली गाठ पकडलेल्या चिमणीसारखी धडपडू लागली.

“धरलं?”

खोटं बोलता आलं असतं. “धरलं,” ती म्हणाली.

मेरेदुदचा चेहरा पडला.

होड्या मधल्या धारेला आल्या होत्या. पहिलीत लाल झग्यात काडेल उभा होता. त्याच्या मागे वल्ह्यावरचा माणूस मान उजवीकडे टाकून ओढत होता. तशी मान एकच माणूस टाकतो. इथेल.

“धनी, हीच वेळ!” सरदार ओरडला. “सोडा!”

मेरेदुदचा अंगठा गाठीवर होता.

“त्या होडीत माझाही भाऊ आहे,” नेस्त म्हणाली.

“गप गं!” सरदार खेकसला.

अंगठा हलला नाही. धार मागे पडली. होडीचा तळ वाळूला घासला, तसा मेरेदुदने दोर नेस्तच्या हातात कोंबला. “गिळ,” म्हणाला आणि जिना उतरू लागला.

“धनी, चिलखत तरी!” सरदार मागून धावला.

दुसरा वारा पहिल्यापेक्षा जड होता. नेस्त गुडघ्यांवर आली, पण तिने तो बाहेर पडू दिला नाही. कशीबशी उठून तिने तटावरून वाकून पाहिलं. खाली वाळूवर दोघे भाऊ एकमेकांपासून भालाभर अंतरावर उभे होते. इथेल गुडघाभर पाण्यात होडी धरून होता, ओढावी की ढकलावी ते न कळून. कोणीच अजून शस्त्र खाली ठेवलं नव्हतं.